तांब्याची सरासरी

घरातल्या तांब्याच्या गडूचा विचार करा. तांब्याचा अणुभार कोष्टकात ६३.५५ दिलेला असतो. पण एवढ्या भाराचा अणू त्या गडूत शोधू गेलो, तर एकही सापडावयाचा नाही! हे कसे?

तांब्याच्या प्रत्येक अणुगर्भात प्रोटॉन २९च असतात. ती संख्या बदलली की तांबे तांबे राहत नाही. न्यूट्रॉन मात्र काहींत ३४, तर काहींत ३६. म्हणून निसर्गातले तांबे दोन प्रकारच्या अणूंचे मिश्रण आहे. कार्बन-१२ च्या अणूचा बारावा हिस्सा हे माप धरले, तर एकाचा भार ६२.९३ व दुसऱ्याचा ६४.९३ भरतो. रासायनिक वागणूक सारखीच आणि मूलद्रव्यांच्या कोष्टकातले स्थानही एकच, म्हणून हे समस्थानिक. फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ साली ही कल्पना मांडली.

आता हिशेब करू. शंभर अणूंत सुमारे ६९ हलके, ३१ जड. हलक्यांचा एकूण भार ४३४२.१७, जडांचा २०१२.८३, बेरीज ६३५५. शंभरांनी भागा, ६३.५५ आले. दोन्ही भार मिळवून नुसते निम्मे केले, तर ६३.९३ येईल, ते चूक. कोण किती आहेत, हे पाहिलेच पाहिजे.

हा धडा आम्ही आधी शिकलो असतो तर! एका कारखान्यातील वाटाघाटीत आम्हांस सांगण्यात आले, "तुमच्या खात्यात सरासरी पगार वीस हजार आहे." आम्ही निरुत्तर झालो. घरी येऊन मांडून पाहिले : नऊ कामगार बारा हजारांचे, एक साहेब ब्याण्णव हजारांचा. सरासरी खरी होती. वीस हजारांचा माणूस मात्र खात्यात एकही नव्हता.

शिवाय ढीग बदलला की सरासरीही बदलते. साध्या शिशाचा अणुभार २०७.२. परंतु १९१४ साली थिओडोर रिचर्ड्स यांनी युरेनियमच्या खनिजांतील शिसे तोलले, तेव्हा ते हलके भरले. कारण युरेनियम झिजत झिजत शेवटी २०६ भाराचे शिसे होते. शिसे तेच, पण मिश्रण निराळे.

सरासरी खोटी नसते. ती अपुरी असते. म्हणून ती कानी पडताच आपण विचारावे : यात कोण कोण आहेत, आणि किती किती?