भारतीय बैलबेडूक : जीवनक्रम, सवयी आणि शेतीशी असलेला संबंध

प्रस्तावना :
जगातील सर्वांत मोठा बेडूक पश्चिम आफ्रिकेकडील कॅमेरून व इक्वेटोरियल गिनी या देशांच्या वर्षावनात आढळतो. 'गोलिएथ' नावाचा हा बेडूक सुमारे ३२ से.मी. लांब व तीन किलोपेक्षा अधिक वजनाचा होऊ शकतो. सतत वाहणाऱ्या नद्या हा त्याच्या जीवनाचा आधार होय. मराठवाड्यात अशी अनुकूलता नाही. तरीही भारतातील सर्वांत मोठ्या बेडकांत गणला जाणारा बैलबेडूक अशा कोरड्या प्रदेशातही जगू शकतो. त्याचे शास्त्रीय नाव होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस असून लांबी सुमारे १७ से.मी. पर्यंत असते. पावसाच्या मोजक्या दिवसांशी त्याने साधलेली जुळणी हेच त्याचे बळ आहे आणि तीच त्याची दुर्बलताही आहे.

अधिवास व आहार :
हा बेडूक तळी, ओढे, विहिरी व शेतातील डबक्यांच्या काठी राहतो. तो बहुधा एकटा व निशाचर असतो. कोरड्या ऋतूत तो ओलसर मातीत किंवा बिळात निष्क्रिय पडून राहतो. अर्धापूर तालुक्यातील कालव्याच्या पाण्यावरील केळीच्या बागांतील ओलावा अशा जीवांना उपयुक्त ठरू शकतो. कीटक, खेकडे, लहान उंदीर, इतर बेडूक असे तोंडात मावेल ते सर्व तो खातो. पिकांवरील किडींचा तो नैसर्गिक शत्रू आहे.

प्रजनन :
मृगाच्या दमदार सरींनंतर नर साचलेल्या पाण्यात एकत्र जमतात. एरवी हिरवट-तपकिरी असणारा नर या काळात पिवळाधमक होतो व त्याच्या गळ्याखालील दोन्ही स्वरकोश निळे दिसतात. त्याचा भरदार आवाज दूरवर ऐकू जातो. मादी हजारो अंडी घालते. डबके आटण्यापूर्वी वाढ पूर्ण होणे आवश्यक असल्याने पिले झपाट्याने वाढतात. ती मांसाहारी असून इतर बेडकांची पिलेही खातात. अंदमान बेटांवर माणसाकडून पोहोचलेली हीच जात तेथील स्थानिक बेडकांना घातक ठरत आहे. म्हणजेच एखाद्या जीवाची उपयुक्तता त्याच्या मूळ अधिवासाशी निगडित असते.

मानवी हस्तक्षेप :
पिवळा रंग व मोठा आवाज मादीप्रमाणेच शिकाऱ्यालाही वाट दाखवतो. गोव्यात पावसाळ्यात 'जंपिंग चिकन' या नावाने बेडकांचे मांस खाल्ले जाते. त्यासाठीची शिकार बेकायदेशीर आहे. एकेकाळी भारतातून बेडकांच्या मागच्या पायांची युरोप व अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर निर्यात होत असे. १९८५ मध्ये ही जात 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट झाली आणि १९८७ मध्ये भारताने निर्यातीवर बंदी घातली. त्यानंतर या व्यापाराचा भार प्रामुख्याने इंडोनेशियावर गेला.

समारोप :
निर्यातबंदीने एक संकट टळले. तथापि कीटकनाशके व बुजवली जाणारी डबकी हे धोके कायम आहेत. बेडकाची त्वचा पाणी शोषून घेणारी असल्याने पाण्यातील विषारी द्रव्ये सहज शरीरात जातात. प्रजननाचा काळ अत्यल्प असल्याने त्या दिवसांतील हानी वर्षभर भरून निघत नाही. म्हणून पहिल्या पावसानंतर बांधालगतची डबकी काही आठवडे राखणे व त्यांच्याजवळ फवारणी टाळणे हा संरक्षणाचा साधा, बिनखर्चाचा उपाय होय. त्याचा लाभ बेडकाइतकाच शेतकऱ्यालाही आहे.