राळेखाली दडलेला सूर
गगनबावड्याच्या पावसाळ्यात ओल कशातही शिरते, म्हणून माझा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मी आधी कोरड्या फडक्याने पुसतो. काचेतल्या तारा लालसर झाल्या की गिटार छेडायची. हळू छेडली तर सूर स्वच्छ. जोरात छेडली तर दाटून आलेल्या गळ्यासारखा.

या अ‍ॅम्प्लिफायरची रचना मूळची कॅलिफोर्नियाच्या अलेक्झांडर डंबल यांची. त्यांनी सुमारे ३०० अ‍ॅम्प्लिफायर हाताने बांधले आणि नक्कल होऊ नये म्हणून आतल्या जोडणीवर राळ ओतली. २०२२ मध्ये ते गेले; आज एकेकाची किंमत लाख डॉलरांवर जाते. इतर कारागिरांनी ती राळ खरवडून नकाशे काढले, म्हणून तो सूर माझ्या घरी आला. याला मी चोरी म्हणणार नाही. मिरजेत तंबोरा घडवणारा मुलगाही वडिलांच्या हाताकडे बघूनच शिकतो.