दालचिनीच्या नावाखाली आपण काय विकतो?

किराणा, अत्तारी आणि मसाल्याच्या धंद्यात आपले बांधव पिढ्यान्‌पिढ्या आहेत. म्हणून आज आम्ही अशा मालाविषयी लिहीत आहोत, जो प्रत्येक दुकानाच्या बरणीत असतो, पण बरणीवरचे नाव आणि आतला माल यांचा मेळ बहुधा बसत नाही.

दालचिनी ही झाडाची आतली साल. फारसीत 'दार' म्हणजे लाकूड, 'दारचिनी' म्हणजे चीनचे लाकूड. गंमत अशी की, आज अस्सल दालचिनी म्हणतात ती श्रीलंकेची, केरळची आणि थोडीफार आपल्या कोकणातली. चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियातून येते ती तिची जाडीभरडी बहीण. आपल्याकडे तिला तज म्हणतात, परदेशात कॅशिया. युनानी हकिमांनी हा फरक पूर्वीच ओळखला होता. त्यांच्या ग्रंथांत 'दारचिनी' वेगळी आणि 'सलीखा' वेगळी. इब्न सीनाच्या 'अल्-कानून' मध्येही दारचिनीची नोंद आहे. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा नियमांतही 2011 पासून दालचिनी आणि तज यांची मानके स्वतंत्र आहेत. तरीही बाजारात एकच भाव, एकच नाव!

औषध म्हणून या सालीचा लौकिक मोठा आहे. युनानीत तिचा मिजाज गरम-खुश्क मानतात. मेदा मजबूत करणारी, वायू सारणारी, मन प्रसन्न करणारी म्हणून ती जवारिश जालिनूसमध्ये पडते. वैद्यांच्या सितोपलादि चूर्णात ती असतेच. साखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन आणि दालचिनी एक, असे त्याचे साधे गणित. घरोघरी सर्दी-खोकल्याला दालचिनीचा काढा, अजीर्णाला आणि मळमळीला चिमूटभर पूड, दुखऱ्या दाढेला तेलाचा बोळा हे उपाय आजही चालतात. यात कुठेही चमचा-चमचा भरून खाण्याची बाब नव्हती, हे ध्यानात ठेवावे.

चमच्याची गोष्ट अलीकडची. 2003 साली पेशावरच्या संशोधकांनी मधुमेहाच्या 60 रुग्णांवर चाळीस दिवसांचा प्रयोग केला. रोज एक, तीन किंवा सहा ग्रॅम पूड दिल्यावर रक्तातली साखर उतरली, असे त्यांनी प्रसिद्ध केले. मग काय, जो तो सकाळी दालचिनीचे पाणी पिऊ लागला. पुढे 2012 मध्ये अशा दहा चाचण्यांची एकत्र छाननी झाली, तेव्हा मधुमेहासाठी शिफारस करण्याइतका पुरावा नाही असा निष्कर्ष निघाला. ही बातमी मात्र पहिलीसारखी घरोघर पोहोचली नाही.

आणि पेशावरची ती पूड तजाची होती. इथेच खरी काळजी आहे. तजात कुमारीन नावाचे द्रव्य भरपूर असते, ते काही लोकांच्या यकृताला बाधते. अस्सल दालचिनीत ते नाममात्र असते. 2006 साली जर्मनीच्या सरकारी संस्थेने याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 0.1 मिलिग्रॅम मानतात. साठ किलोच्या माणसाला सहा मिलिग्रॅम झाले. एक किलो तजाच्या पुडीत सुमारे तीन ग्रॅम कुमारीन धरले, तर रोजच्या दोन ग्रॅम पुडीतच ही मर्यादा गाठली जाते. बिर्याणीत दोन काड्या पडल्याने कुणाला काही होत नाही, पण महिनोन्‌महिने औषध म्हणून पूड घेणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण काय देतो, याचा जाब दुकानदाराने स्वतःला विचारावा. यकृताचा आजार असलेल्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये.

माल ओळखणे कठीण नाही. अस्सल दालचिनीची गुंडाळी विडीच्या पानासारख्या पातळ, एकात एक बसवलेल्या पदरांची असते. रंग फिका बदामी, बोटांनी चुरडते, वास गोडसर. तज जाड, एकाच पदराचा, दोन्ही कडा आत वळलेल्या, रंग तांबूस-काळपट, चव तिखट, आणि घरच्या मिक्सरची पाती बोथट करील इतका टणक. पूड झाल्यावर मात्र डोळ्यांना काही कळत नाही. पाण्यात उकळलेल्या पुडीवर थंड झाल्यावर आयोडिनचा थेंब टाकला, तर तजात पिष्ट जास्त असल्याने गडद निळा रंग येतो. तयार पूड घेण्यात दुसराही धोका आहे. 2023 मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या सफरचंदाच्या पुरीत शिसे सापडले, ते दालचिनीच्या पुडीतून आले होते. म्हणून साल घ्यावी आणि स्वतः दळून द्यावी. गिऱ्हाइकासमोर दळली तर आणखी उत्तम.

अस्सल मालाला भाव जास्त पडतो, हे खरे. पण कोकणातल्या आपल्या नारळी-पोफळीवाल्यांना त्यातच संधी आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1992 मध्ये 'कोकण तेज' ही जात दिली. नारळाच्या सावलीत ती बरी येते, विद्यापीठाच्या 'लाखी बागे'त तिला जागा आहेच. तीन-चार वर्षांनी फांद्या तोडता येतात, बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात, आणि पाने मसाल्याला विकली जातात. अडचण सोलण्याची. पातळ साल अखंड काढण्याचा हात श्रीलंकेतल्या कारागिरांना पिढीजात आहे, आपल्याकडे तो शिकवावा लागतो. चार-पाच बागायतदारांनी मिळून दोन पोरांना ही कला शिकायला पाठवले, तर साल थेट अत्तारापर्यंत जाईल, आणि अत्तारालाही बरणीवर 'दालचिनी' व 'तज' अशा दोन वेगळ्या चिठ्ठ्या लावता येतील.