धर्मग्रंथ आणि घरची भाषा
हैदराबादेत आम्हां मराठी कुटुंबांच्या कानांवर तेलुगू व उर्दू अखंड पडत असते. तथापि धर्मग्रंथ अंतःकरणात उतरतो तो घरच्या भाषेतूनच. इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतार्थ मराठीत आणला तो याच जाणिवेने. पंडिता रमाबाईंनीही ख्रिस्ती झाल्यावर केवळ मिशनऱ्यांच्या शिकवणीवर न विसंबता हिब्रू व ग्रीक भाषांचे अध्ययन केले, आणि केडगावच्या मुक्तिसदनात सामान्य स्त्रियांनाही समजावे म्हणून सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. १९२२ साली, मृत्यूपूर्वी, ते काम त्यांनी पुरे केले. श्रद्धा परंपरेने मिळते. तिचा अर्थ मात्र स्वतः वाचूनच लावावा लागतो. आमच्या मुलांना मराठी वाचता येईनासे झाले, तर ज्ञानेश्वरी काय अन् बायबल काय, दोन्ही कपाटातच राहतील.