सागरी लाटांची असममिती

समुद्रपृष्ठ म्हणजे यादृच्छिक कलांच्या असंख्य तरंगांची निव्वळ बेरीज असे मानल्यास त्याची पातळी प्रसामान्य वितरण पाळते. या गृहीतावरून, वर्णपट अरुंद मानून, लाँगे-हिगिन्स यांनी १९५२ मध्ये लाटांच्या उंचीसाठी रॅले वितरण सिद्ध केले. या प्रतिमानात शिखर व द्रोणी समान ठरतात.

१ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातील द्राउप्नर मंचावर नोंदलेली लाट २५.६ मीटर उंच होती, त्यांपैकी १८.५ मीटर एकट्या शिखराचे होते. त्या वेळी सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी उंची सुमारे १२ मीटर होती. रॅले वितरणाप्रमाणे एवढी उंची सुमारे ९ हजार लाटांत एकदा, परंतु एवढे शिखर मात्र सुमारे १८ कोटी लाटांत एकदाच संभवते.

या विसंगतीचे एक प्रमुख कारण तरंगांच्या परस्परक्रियेत आहे. तीतून उद्भवणारे द्वितीय कोटीचे पद शिखर उंचावते व द्रोणी उथळ करते. एकूण उंची जवळजवळ तीच राहते. टायफुन यांनी १९८० मध्ये या पदासह शिखरांचे वितरण मांडले.

मंचाच्या तळाची पातळी शिखरावरून ठरवावी लागते. म्हणून सममित प्रतिमानाची त्रुटी नेहमी धोक्याच्याच बाजूस पडते.