शासन निर्णय आणि संगणकाचे नियम

जुलै २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने शेते खरडून गेली. अशा वेळी तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक यांचे पंचनामे पूर्ण झाले की उरते ते हिशेबाचे काम. नुकसान ३३ टक्के वा अधिक असल्यास केंद्राच्या २०२२ पासूनच्या निकषांनुसार दोन हेक्टरच्या मर्यादेत जिरायत पिकांस हेक्टरी ८,५०० रुपये व बागायत पिकांस १७,००० रुपये मदत ठरली होती. तत्पूर्वी जिरायतीचा दर ६,८०० रुपये होता. २०२२ च्या पावसाळ्यातील नुकसानीपुरता राज्य शासनाने तो १३,६०० रुपये केला व मर्यादा तीन हेक्टरपर्यंत वाढविली.

असे दर संगणकाच्या आज्ञावलीतच कोरून ठेवले, तर प्रत्येक शासन निर्णयागणिक ती उघडावी लागते. यावर ‘रूल इंजिन’ हा उपाय सुचविला जातो. त्यात नियम आज्ञावलीबाहेर, ‘अमुक असेल तर तमुक करावे’ अशा स्वरूपात ठेवतात आणि कोणता नियम लागू पडतो हे इंजिन शोधते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात चार्ल्स फोर्गी यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली ‘रेटे’ पद्धत अशा अनेक इंजिनांच्या मुळाशी आहे.

तथापि, वरील मदतीच्या हिशेबास एवढ्या अवजड साधनाची गरज नाही. दर, मर्यादा व लागू दिनांक यांचा साधा तक्ता पुरतो. दिनांकाचा रकाना मात्र हवाच. प्रकरण उशिरा आले तरी दर नुकसानीच्या वेळचाच लागतो.

कर्जमाफीची गोष्ट निराळी. २०१७ च्या योजनेत दीड लाखाची मर्यादा कुटुंबास होती, आयकरदाते वगळले होते, नियमित फेड करणाऱ्यांस प्रोत्साहन होते. शिवाय कर्ज घेतल्याचे आरंभवर्ष २०१२ वरून २००९ वर नेण्यात आले. २०१९ च्या योजनेत मर्यादा दोन लाख झाली व निकष वैयक्तिक शेतकरी हा ठरला. अटी अशा एकमेकींत गुंततात व मध्येच बदलतात, तेथे इंजिनचा खर्च सार्थकी लागतो. कोणत्या अटीवर अर्ज नाकारला गेला, हेही शेतकऱ्यास सांगता येते.

अर्थात, नियम बदलण्यासाठी दर वेळी पुन्हा संगणकतज्ज्ञच बोलवावा लागणार असेल, तर इंजिन म्हणजे केवळ ओझे. आधार व बँक खात्यातील नावे जुळत नसतील, तर तेथेही त्याचा इलाज चालत नाही. दोन नियम परस्परविरोधी निघाल्यास कोणता वरचढ, हेही संबंधित खात्यानेच आधी लिहून द्यावे लागते. खरेदीपूर्वी तहसील कार्यालयातील निकाली निघालेली काही प्रकरणे नव्या नियमांतून चालवून पाहावीत; उत्तर जुळले नाही तर नियम चुकला की पूर्वीचा हिशेब, याची लेखाशाखेकडून शहानिशा करावी.