पिस्त्याची पंगत

रडू नकोस, सोनू. इकडे ये, या पाटावर माझ्याजवळ बस, पिंजऱ्यापासून जरा लांब. पिस्ता तुझ्यावर रुसलेला नाही. काल संध्याकाळी तो आपल्या घरी आला, आता दुपारचे दोन वाजले, आणि वाटीतला एक दाणाही त्यानं टिपलेला नाही, हे मीही बघतोय. म्हणूनच एक गोष्ट सांगतो. ती संपेपर्यंत त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, एवढीच अट.

ऑस्ट्रेलिया देश तू नकाशात पाहिलास ना? त्याच्या पार पोटात लाल माती आहे, टोचऱ्या गवताचे झुपके आहेत आणि पावसाचा काही भरवसा नाही. यंदा इथं पडला, तर पुढच्या खेपेला कुठं पडेल कुणास ठाऊक. त्या मुलखात पिस्त्याचे भाऊबंद, हे छोटे पोपट, राहतात. तिथल्या गमिलराय लोकांनी त्यांना गिजिरिगा म्हटलं. परक्यांच्या जिभेवर फिरता फिरता त्या नावाचं बजरीगर झालं असं म्हणतात. आपल्याकडे दुकानदार यांनाच लव्ह बर्ड म्हणून विकतात, ते चूक आहे. खरे लव्ह बर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे. १८४० साली जॉन गूल्ड नावाच्या पक्षीशास्त्रज्ञानं जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले आणि तिथून ते घरोघरी पोचले. आपल्या झाडांवरचे पोपट पकडून पाळायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. त्यांचं घर रान आहे. पिस्ता मात्र पिंजऱ्यातच जन्मला. त्यानं ऑस्ट्रेलिया कधी पाहिलेला नाही, तरी त्या माळरानाची सगळी भीती त्याच्या रक्तात उतरलेली आहे.

तर त्या माळरानावर पाऊस पडतो, गवत तरारतं, दाण्यावर येतं, आणि बजरीगरांचे थवे येऊन उतरतात. शेकड्यांनी, कधी हजारोंनी. पाणवठ्यावर तर असा थवा उठतो की हिरवा ढगच वळला असं वाटतं. एवढ्यांनी एकत्र का राहायचं? कारण वर ससाणा फिरत असतो. हा तीसचाळीस ग्रॅमचा जीव, आपल्या घरातल्या लहान लिंबाएवढा. मान खाली घालून दाणे टिपायला लागला की त्याला वरचं नीट दिसत नाही, म्हणून जेवणाची वेळ हीच सगळ्यात धोक्याची वेळ. पण शंभर जण टिपत असले तर कुणाची ना कुणाची मान वर असतेच. त्यानं चीत्कार केला की सगळे उडाले. म्हणून बजरीगर एकटा जेवत नाही, पंगतीला बसतो. एकानं चोच खाली घातली की दुसऱ्याला धीर येतो. एकमेकांचं ते इतकं बघतात की एकानं जांभई दिली तर शेजारच्यालाही येते, अगदी आपल्यासारखी. शास्त्रज्ञांनी प्रयोग करून बघितलंय.

आता पिस्त्याच्या जागी स्वतःला ठेव. काल दुपारपर्यंत तो वीसपंचवीस जणांत होता. मग एक हात आला, अंधारा खोका आला, स्कूटरचा आवाज आला, आणि झाकण उघडलं तेव्हा ओळखीचं कुणी नाही. समोर एक भलंमोठं तोंड आणि पुढे रोखलेले दोन डोळे. तुझे गं, आणखी कुणाचे? त्याचे डोळे कुठं आहेत बघ. नाही, आत्ता नको, मी सांगतो. डोक्याच्या दोन बाजूंना आहेत. ज्यांची शिकार होते त्यांचे असेच असतात, ससा आठव. आणि मांजराचे, घुबडाचे? समोर. तू प्रेमानं एकटक बघत होतीस, त्याला वाटलं हे मला खाणार. म्हणून तो पिसं अंगाला घट्ट चिकटवून काडीसारखा उभा राहिला. त्याच्याकडे बघायचंच झालं तर तिरकं बघायचं, आणि सावकाश डोळे मिटायचे.

सकाळी मी पिंजरा खिडकीतून हलवला, तेव्हा तू रागावलीस. पण त्या खिडकीत कावळे येतात आणि समोरच्या पाण्याच्या टाकीवर घार बसते. तुला ती रोजची, त्याला ती मरणासारखी. आता पाठीशी भिंत आहे, तीन बाजूंना जुनी चादर आहे, आणि पिंजरा माझ्या छातीच्या उंचीवर आहे. जमिनीवर ठेवला असता तर आपण सगळे त्याला वरून झडप घालणारे वाटलो असतो. स्वयंपाकघरात ठेवायचा नाही, हे मी आईला बजावलंय. पक्ष्यांच्या अंगात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. आत घेतलेल्या हवेतलं जे काही असेल ते सगळं ते आपल्यापेक्षा फार चांगलं शोषून घेतात. उडायला ते हवंच असतं, पण वाईट हवाही तशीच शोषली जाते. न चिकटणारा तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतो. देवाची उदबत्तीसुद्धा आता पलीकडच्या खोलीत लावायची.

बरं, आता पंगत मांडू. ही कुरमुऱ्यांची वाटी घे. मी मघाशी राळ्याचं कणीस त्याच्या दांडीजवळ टांगलं, पाहिलंस ना? दुकानात तो राळाच खात होता, हे मी विचारून घेतलं होतं. ओळखीचा घास आधी. पालक, कोथिंबीर, गाजराचा कीस हे सगळं हळूहळू शिकवू, कारण नुसत्या दाण्यांवर राहिला तर त्याला अ जीवनसत्त्व कमी पडेल. पण आज शिकवणी नाही. आज फक्त जेवायचं. त्याच्याकडे कूस करून बस, कुरमुरे कुरुमकुरुम खा, आणि मधूनमधून वाटीवर नखानं टकटक कर. दाणे टिपताना असाच आवाज होतो. बोलायचं तर हळू.

खा. आणखी खा.

शू... ऐकलंस? मान वळवू नकोस. टिक्. पुन्हा टिक्. हा त्याच्या चोचीचा आवाज आहे. पोपटांच्या जातीची वरची चोचसुद्धा हलते, बिजागरी असल्यासारखी. जाड जीभ दाणा फिरवून फिरवून वरच्या चोचीच्या खाचांवर दाबते, खालची चोच कडेनं साल फोडते, आणि सोललेला दाणा आत जातो. गळ्याखाली एक पिशवी असते, तिथं तो भिजतो. मग पोटातलं जातं त्याचं पीठ करतं. त्याला दात नाहीत ना, म्हणून दळण आत ठेवलंय. साल मात्र तो गिळत नाही, तिथंच टाकतो.

त्या सालीची एक गोष्ट मी कुणाला फारशी सांगत नाही. तुला सांगतो. मी तुझ्याएवढा होतो, तेव्हा आमच्याकडेही एक निळा बजरीगर होता. वाटी भरण्याचं काम माझं. रोज शाळेत जाताना मी बघायचो, वाटी काठोकाठ भरलेली. तशीच सोडून निघून जायचो. तीन दिवस ती भरलेली होती. चौथ्या दिवशी तो पिंजऱ्याच्या तळाशी पडला होता. माझ्या वडिलांनी वाटी उचलली, हलकेच फुंकर मारली, आणि सगळं उडून गेलं. खाली एक दाणा नव्हता. ती सगळी सालं होती, सोनू. वरून दाण्यांसारखीच दिसतात. एवढासा जीव, त्याची धडधड आपल्यापेक्षा कितीतरी जलद चालते. त्याला एवढे दिवस उपास झेपत नाही. मी त्याच्यासमोर रोज उभा होतो आणि तो उपाशी होता.

म्हणून रोज सकाळी वाटीवर फुंकर मारायची. हे काम तुझंच, पण पहिला महिना मी मागे उभा राहीन.

अजून थोडं लक्षात ठेव. आजारी पक्षी आजार लपवतो, कारण रानात लंगडणारा आधी मारला जातो. एक पाय पोटात घेऊन, पिसं किंचित फुगवून बसला आणि चोच कर्रकर्र घासली, तर तो खुशीत झोपायला निघालाय. दोन्ही पायांवर, दिवसाढवळ्या पिसं फुगवून डोळे मिटून बसला, तर मला लगेच हाक मार. आणि आज संध्याकाळपर्यंत त्यानं खाल्लं नसतं, तर मी त्याला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जाणार होतो. टॅक्सीवाल्याला सांगूनही ठेवलं होतं.

हात आत घालायची घाई नको. आठवडा जाऊ दे, दोन जाऊ देत. त्याच्या कपाळावरच्या रेघा नाकापर्यंत आल्यात ना, म्हणजे तीनचार महिन्यांच्या आतलं पिल्लू आहे, लवकर शिकेल. नाकावरचा फुगवटा पुढे निळा झाला तर बहुधा नर, तपकिरी झाला तर मादी. तोवर पिस्ताच म्हणू.

रात्री आठला दिवे बंद. त्याला दहाबारा तासांची झोप लागते, आणि टीव्हीचा आवाजही मी कमी करीन.

आणि उद्या सकाळी तळाचा कागद बदलायच्या आधी त्याच्या शिटा मोजायच्या. नाक मुरडू नकोस. पोटात गेलं की नाही, हे तोच कागद खरं सांगतो. चांगला जेवणारा बजरीगर दिवसाला चाळीसेक टाकतो. आज सकाळी मी मोजल्या तेव्हा नऊ होत्या, बारीक आणि पातळ. पेन्सिल घे, वहीच्या मागच्या पानावर आजची तारीख टाक आणि नऊ लिही. पुढची ओळ उद्या तू भर.

टिक्. बघ, अजून खातोय.